दुसऱ्याच्या नावावरची गाडी

दुसऱ्याच्या नावावरची गाडी किती वर्षं चालवली म्हणजे ती आपली होते? पाच? दहा? की कितीही चालवा, ती त्याचीच राहते आणि आपण नुसतं पेट्रोल टाकत राहतो? हा प्रश्न मी यंदा गावोगाव लोकांना विचारत फिरले. स्वतःला मात्र विचारला नाही.

शहापूरच्या बाजारात एका छापखान्यात मी काम करते. मजकूर जुळवायचा, तपासायचा, छापून आलेले गठ्ठे बांधायचे. लग्नपत्रिका, दुकानांच्या जाहिराती, वाढदिवसांचे फलक. त्यात माझ्या मनासारखं काही नसतं, पण शाईचा वास असतो आणि त्या वासात मी मोठी झाले. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. बाबा आसनगावच्या एका कारखान्यात कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी पत्रकं वाटायचे. मुलीची शाळा सोडवू नका. दारू सोडा. जे काही ठरेल ते लेखी घ्या. खाटेखाली गठ्ठे असायचे आणि त्या गठ्ठ्यांवर बसून मी अक्षरं शिकले. आई मी सहावीत असताना गेली. बाबा गेल्या वर्षी गेले. उंबरमाळीच्या पलीकडच्या आमच्या घरात आता मी आहे, ते गठ्ठे आहेत आणि दारात बाबांची मोटरसायकल आहे.

जुन्या गाड्यांना नवी नंबर प्लेट सक्तीची झाली तेव्हा तालुक्यात दुसरा विषय उरला नाही. पांढरी, उजेड पडला की चमकणारी प्लेट. एका कोपऱ्यात चकाकणारा शिक्का, त्याखाली लेझरनं कोरलेला बारीक क्रमांक, आणि ती गाडीला अशा खिळ्यांनी ठोकायची की पान्यानं किंवा स्क्रू ड्रायव्हरनं निघणार नाही. मोबाइलवर गाडीची माहिती भरायची, तारीख आणि जागा निवडायची, त्या दिवशी गाडी घेऊन जायचं. मुदत आली, वाढली, परत आली, परत वाढली. लोक भेटले की जेवण झालं का म्हणायच्या आधी प्लेट लागली का म्हणायचे. प्लेटवरचे वाघ गेले, दादा आणि भाऊ गेले, नंबर वाकडेतिकडे करून काढलेली नावं गेली. मला ते आवडलं. नंबर सगळ्यांचा सारखा दिसला पाहिजे यात मला समतेचं काहीतरी दिसत होतं. हसू नका, मला खरंच दिसत होतं.

पण एक गोष्ट कुणी बोलत नव्हतं. आमच्याकडे अर्ध्या गाड्या भलत्याच माणसाच्या नावावर आहेत. मेहुण्यानं दिलेली, साहेबानं जाताना सोडलेली, तीन हात फिरून आलेली. गाडी ताब्यात आली की व्यवहार संपला असं आपण धरतो. आता त्या गाडीवर न निघणारी प्लेट लागणार, म्हणजे भलत्याचं नाव पक्कं होणार. मी एका पानाचं पत्रक लिहिलं. वर ठळक अक्षरात: 'प्लेट लावा, पण आधी पुस्तक उघडा.' पुस्तक म्हणजे गाडी कुणाच्या नावावर आहे ते सांगणारं आरसी बुक. खाली तो प्रश्न, जो मी तुम्हाला विचारला. मालकांनी उरलेल्या कागदावर छापू दिलं. म्हणाले, "तुझ्या बापानं पण माझा लई कागद खाल्ला." ते प्रेमानंच म्हणाले.

एका सकाळी मी रिक्षा स्टँडवर वाटत उभी होते. एका रिक्षावाल्यानं पत्रक नीट वाचलं. वाचणारा माणूस भेटला की मला बरं वाटतं, म्हणून मी त्याच्यासमोर थांबले.

"ताय, हे तूच लिवलं?"

"हो."

"चांगलं लिवलंस." त्यानं कागदाची घडी केली आणि माझ्या गाडीकडे मान वळवली. "ती कोनाच्या नावावर?"

"वडिलांची आहे."

"वडिलांची हाय ते कळलं. नाव कोनाचं?"

मी हातातली पत्रकं सारखी करायला लागले. मागच्या रिक्षातला दुसरा बाहेर डोकावला. "आधी सोताचं उघड गो, मंग आमचं उघडू."

ते हसले. वाईट हसले नाहीत, जसं रोज एकमेकांना हसतात तसंच. हातात पन्नासेक पत्रकं उरली होती. ती पिशवीत टाकली आणि छापखान्यात येऊन बसले. दिवसभर कुणाशी बोलले नाही. तसंही माझ्याशी बोलणारं तिथं यंत्राशिवाय फारसं कुणी नसतं.

गाडी कुणाच्या नावावर आहे हे मला माहीत होतं. सीटखाली प्लास्टिकच्या पाकिटात गाडीच्या पुस्तकाची एक झेरॉक्स होती. तिच्यावर मुरबाडपलीकडे, म्हसा या जत्रेच्या गावाजवळच्या एका गावातल्या माणसाचं नाव. पोलिसांनी अडवलं की बाबा ती दाखवायचे आणि म्हणायचे, "यांच्याकडून घेतलीये, नाव बदलायचं राहिलंय." बारा वर्षं राहिलं होतं.

ती गाडी कशी घेतली हे बाबा इतक्या वेळा सांगायचे की मला पाठ होतं. ते म्हशाच्या जत्रेत पत्रकं वाटायला गेले होते. बैलबाजारात एक शेतकरी आपली जोडी विकायला आला होता, आणि बैलांच्या शेजारी त्यानं मोटरसायकलही उभी केली होती. मुलासाठी दोन वर्षांपूर्वी नवी घेतलेली, मुलगा शहरात गेला, गाडी पडून. बाबांनी सहज किंमत विचारली. तर त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला, बाबांचा हात धरला, दोघांच्या हातांवर रुमाल टाकला आणि आत बोटं दाबायला लागला. जनावराचा भाव तिथं असाच ठरतो. तोंडानं बोलायचं नाही, कुणाला दिसू द्यायचं नाही, बोटांनी सांगायचं आणि बोटांनीच पक्कं करायचं. माझे बाबा, सगळं लेखी घ्या म्हणणारे, रुमालाखाली हात घालून उभे राहिले आणि गाडी घेऊन घरी आले. कागद नाही, सही नाही. पुस्तक आठवड्यानं घरी येऊन घेऊन जा, असं त्या माणसानं सांगितलेलं.

"लेखी का नाही घेतलं?" मी विचारायचे.

"अगं, त्यानं हात धरला ना," बाबा म्हणायचे. "नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. सरळ हात धरला."

आमच्यासारख्या घरातल्या माणसाला यात काय वाटलं असेल हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. सांगावं लागत असेल तर तुमचं नशीब चांगलं. मला ती गोष्ट बाबांची सगळ्यात आवडती म्हणून माहीत होती. पुस्तक का आणलं नाही, हे मात्र ते कधी सांगायचे नाहीत. विचारलं की गाडी पुसायला लागायचे.

रिक्षा स्टँडवरचं झालं त्याच आठवड्यात बुधवारी मी शहापुरातल्या एका एजंटाकडे गेले. गाड्यांची कामं करणारा माणूस, एक टेबल, एक संगणक, भिंतीला टांगलेले कोरे फॉर्म. त्यानं झेरॉक्स उजेडात धरून पाहिली.

"प्लेटला काही अडचण नाही. चेसिस नंबर गाडीवरून वाचू, नाव हेच राहू दे."

"मला नाव बदलायचंय."

"मग आधी प्लेट लावा. जुन्या गाडीला नवी प्लेट नसेल तर नाव बदलायचा अर्ज पुढे जात नाही. त्याच्यानंतर मूळ पुस्तक लागेल, मालकाच्या दोन फॉर्मवर सह्या लागतील. मालक आहे ना हयात?"

"माहीत नाही."

"सह्या मी करून देतो. म्हातारा काय बघायला येणारे?"

"सह्या त्यांच्याच पाहिजेत."

त्यानं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "पत्रकवाल्या ताई ना तुमी? बरं. घेणाऱ्याच्या जागी तुमचं नाव टाका."

"पण गाडी त्यांनी माझ्या वडिलांना विकली. मला नाही."

"वडील?"

"गेले."

"मग त्यांच्या नावावर कशी होणार? गेलेल्या माणसाच्या नावावर गाडी चढत नाही. मालकानं तुम्हाला विकली असंच दाखवायचं. मधला माणूस कागदावर नसतोच, ताई."

तो चुकीचं बोलत नव्हता. उलट मला समजेल असं, नीट सांगत होता. पण मधला माणूस म्हणजे माझा बाप होता. अकरा वर्षं ज्यानं ती गाडी चालवली, माझ्या परीक्षांना मला मागे बसवून नेलं, पावसात चेन उतरली की रस्त्यात बसून चढवली, तो माणूस एका कागदावर नव्हता आणि आता कधीच येणार नव्हता. तेव्हा मला कळलं की मला प्लेटची काळजी नाही. ती काय, लागली असती. मला एका तरी कागदावर लिहून हवं होतं की ही गाडी त्याची होती. आणि ते लिहून देऊ शकणारा जगात एकच माणूस होता, तोही असेल तर.

भात कापून झालं होतं. रविवारी मी निघाले. शहापूरहून किन्हवली, सरळगाव, मग मुरबाड, आणि तिथून म्हशाचा रस्ता. खळ्यांवर झोडणी चालू होती, पेंढ्याच्या गंजी लागल्या होत्या, कापलेल्या भाताच्या ओलीवर लोकांनी वाल पेरले होते आणि त्यांची पहिली पानं वर आली होती. रस्त्यानं दिसेल त्या गाडीच्या प्लेटकडे माझी नजर जात होती. ऊन पडलं की नव्या लांबूनच चमकायच्या. माझ्या गाडीची प्लेट रंगवलेली होती, साधी, कोपऱ्यात काहीही न लिहिलेली. ओळख द्यायची तर तोंडानं द्यावी, असं बाबा म्हणायचे.

मी वाटेत काय बोलायचं त्याची तयारी करत होते. मला भाषण चांगलं जमतं. नागरिकाचं कर्तव्य, मालकाची जबाबदारी, बारा वर्षांची टाळाटाळ. सरळगावच्या पुढं मी ते भाषण मोठ्यानं म्हणून पाहिलं. हेल्मेटच्या आत माझाच आवाज मला ऐकू आला, आणि आठवलं की बुधवारपासून मी कामाव्यतिरिक्त कुणाशी बोलले नव्हते.

गावात विचारलं तर घर लगेच सापडलं. "म्हातारा हाय घरी, कुठं जातोय," एका बाईनं सांगितलं. उंच जोत्याचं घर, पुढं पडवी, पडवीत खाटेवर एक म्हातारा. गाडीचा आवाज आल्यावर त्यानं मान वर केली, पण पाहिलं मात्र माझ्या जरा बाजूला. दिसत कमी असावं.

"कोन?"

मी नाव नाही सांगितलं. म्हटलं, "तुम्ही म्हशाच्या जत्रेत गाडी विकली होती. बारा वर्षांपूर्वी. उंबरमाळीकडच्या माणसाला."

त्यानं गाडीच्या दिशेनं मान केली. मग म्हणाला, "आवाज तिचाच हाय. पहिल्यासारखा फुटत नाय. पिस्टन बदलला?"

"दोनदा."

"मंग. आन तू कोन त्याची?"

"मुलगी."

"तो नाय आला?"

"ते नाहीत आता."

त्यानं हात वर करून डोळ्यांवर धरला, मला बघायला की ऊन अडवायला ते कळलं नाही. "बस," तो म्हणाला. "आत ये, भायेर नको."

मी आत गेले नाही. पडवीच्या कडेला बसले आणि भाषण सुरू केलं. नियम काय आहे, मुदत काय आहे, पुस्तक मूळ लागतं, सह्या लागतात, आणि हे सगळं बारा वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं. त्यानं मधे तोडलं नाही. संपल्यावर म्हणाला, "तू शाळंत शिकवतेस?"

"छापखान्यात आहे."

"तेच. छापल्यासारखं बोलतेस." मग त्यानं आतल्या दाराकडे बोट केलं. "खुंटीला बघ. दाव्यांच्या मागं."

दाराशेजारच्या लाकडी खुंटीला दावी टांगली होती, जनावरं बांधायच्या दोऱ्या. सात-आठ असतील. काही ताठ आणि काळ्या झालेल्या, एकीला घुंगरू. त्यांच्यामागे दुधाच्या जुन्या पिशवीत गाडीचं पुस्तक होतं.

"हे इथं का?"

"मंग कुठं? आमी बैल देतो, दावं देत नाय. दावं दिलं की गोठा रिकामा व्हतो म्हनतात. ती सगळी माझ्या बैलांची दावी." तो हसला. "बैल गेले. गोठा पन रिकामाच. दावी हायेत."

"पण पुस्तक म्हणजे दावं नाही. पुस्तकाशिवाय गाडी दुसऱ्याची होत नाही."

"दाव्याबिगर बैल पन व्हत नाय गो. पन घेनारा नवं दावं आनतो, आपलं." मग म्हणाला, "माझ्या डोस्क्यात तसंच व्हतं. तुझा बाप पयल्यांदा आला तवा मी शेतावर व्हतो, घरात नावगाव सांगून गेला. दुसऱ्यांदा आला तवा घरी व्हतो."

"मग दिलं का नाही?"

त्याला ते सांगायचं नव्हतं असं मला वाटलं. पण त्यानं सांगितलं, आणि मी तुम्हाला ते जसं ऐकलं तसं सांगते.

"हितंच उभा राह्यला, तू बसलीस तिथं. मी म्हनलं चा घे, मी पुस्तक आनतो. मी आत गेलो. माझी ही चा घेऊन आली. तवा आमच्या घरात तुमच्या लोकांचा कप येगळा असायचा. आत नसायचा. त्या वळचनीला खोचलेला असायचा, कानतुटका. तिनं तो काढला. धुतला, त्याच्या म्होरंच. आन त्याच्यात ओतला." त्यानं पडवीच्या उतरत्या छपराकडे हात केला. "मी पुस्तक घेऊन भायेर आलो तं गाडी चालू झाल्याचा आवाज. कप तसाच."

"तुम्ही हाक नाही मारली?"

"काय बोलून मारू?"

"सॉरी म्हणून. चुकलं म्हणून."

"तवा चुकलं असं वाटलं नाय. वाईट वाटलं, पन चुकलं असं नाय." त्यानं हाताची बोटं चोळली. "म्हशाला रुमालाखाली हात धरला तवा मला काय वाटलं नव्हतं. बाजारात वाटत नाय. घरात वाटतं. असं व्हतं तवा."

"तेव्हा नाही, आजही आहे," मी म्हटलं. "फक्त कप फेकून द्यायचे, प्लास्टिकचे झालेत, म्हणून कळत नाही."

"आसंल."

मला भांडायचं होतं. लहानपणापासून या एका भांडणाची माझी तयारी होती, शब्द तयार होते, आणि समोर बसलेला माणूस भांडत नव्हता. बाबांनी ही अर्धी गोष्ट मला कधी सांगितली नाही. त्यांनी रुमालापर्यंतची सांगितली आणि पुढची स्वतःजवळ ठेवली, अकरा वर्षं, रोज त्याच गाडीवर बसून. पुस्तक आणायला ते परत का गेले नाहीत, हे आता मला कळलं होतं. आणि ते मी ज्याला सांगावं असा माणूस घरी कुणी नव्हता.

"तुमची बायको?" मी विचारलं.

"चार वर्सं झाली. पोरं कल्यानला हायेत. येतात. म्हंजी म्हशाला येतात. जत्रंला."

मी पिशवीतून फॉर्म काढले. सह्या कुठे करायच्या ते बोट ठेवून दाखवलं, तो माझ्या बोटाजवळ पेन आणून हळूहळू नाव लिहायचा, एकेक अक्षर जसं शाळेत शिकवलं तसं. मग मी कोरा कागद काढला. म्हटलं, "हा कुठल्या कचेरीचा नाही. माझ्यासाठी आहे. गाडी तुम्ही माझ्या वडिलांना विकली एवढं लिहून पाहिजे."

"मला लिव्हाया दिसत नाय. तू लिही, मी सही करतो."

मी त्याचं नाव लिहिलं, बाबांचं पूर्ण नाव लिहिलं, म्हशाची जत्रा लिहिलं. मग लिहिलं, 'गाडीचं पुस्तक द्यायचं राहिलं', आणि वाचून दाखवलं.

"राह्यलं नाय," तो म्हणाला. "दिलं नाय, असं लिही."

मी खोडलं. 'पुस्तक मी दिलं नाही,' असं लिहिलं. त्यानं सही केली.

"आन कपाचं?"

"ते मी लिहीन," मी म्हटलं. "त्याच्याखाली तुमची सही नको."

त्यानं मान हलवली. कागद घडी करून मी पिशवीत ठेवला. आता उठायचं होतं. पडवीत सावली होती, समोरच्या खळ्यावर कुणीतरी झोडत होतं आणि त्याचा एका लयीत आवाज येत होता. इतका वेळ माझ्याशी कुणी बोललं त्याला कित्येक दिवस झाले होते. मला तिथं अजून बसावंसं वाटलं. त्याच पडवीत, त्याच वळचणीखाली, त्याच माणसाजवळ. आणि तेच मला सहन झालं नाही.

"चा टाकतेस का गो?" तो म्हणाला. "दूध नाय, कोरा. चूल मला नीट दिसत नाय आता. तूच टाक, तुझ्या हातानं, पायजे त्या कपात."

मी नको म्हटलं. मी चांगलं केलं की वाईट ते मला अजून ठरवता आलेलं नाही. बाबांच्या बाजूनं उभं राहायचं म्हणून नको म्हटलं, की मला रडू येईल म्हणून, तेही माहीत नाही. पत्रकात अशा जागी मी एक ठाम वाक्य लिहिलं असतं. इथं माझ्याकडे नाही.

गाडी चालू केल्यावर तो म्हणाला, "परत येशील का इकडं?" मी हेल्मेट घातलं होतं. ऐकू आलं नाही असं दाखवून निघाले.

प्लेट शहापुरातच लागली. बसवणाऱ्यानं जुनी काढली, हातातल्या कात्रीनं मधोमध कापली आणि कोपऱ्यातल्या ढिगात टाकली, नियमाप्रमाणं. नवी ठोकली. चार ठोके. "आता हलणार नाय," तो म्हणाला. त्या क्षणी गाडी म्हाताऱ्याच्याच नावावर होती, आणि प्लेट पक्की. त्यानंतर मी कल्याणच्या आरटीओत जाऊन अर्ज भरला. पुस्तक, सह्या, झेरॉक्सा. सगळ्यात खाली तो हातानं लिहिलेला कागद जोडला होता. खिडकीतल्या बाईंनी तो वाचला. घाईत नाही, दोनदा वाचला. मग टाचणी काढून मला परत दिला.

"हा लागत नाही," त्या म्हणाल्या. "पण जपून ठेवा."

नवीन पुस्तक महिन्याभरानं आलं. माझं नाव, आधीचा मालक म्हणून म्हाताऱ्याचं नाव. मधे कुणी नाही. बाबांचं नाव माझ्या नावाला लागून येतं, तेही जागा पुरली नाही म्हणून एका अक्षरावर आलंय. हातानं लिहिलेला कागद मी पत्रकांच्या गठ्ठ्यांत ठेवला नाही. तो पत्रक नाही. वाटायचा नाही. तो माझ्याजवळ आहे, आणि रोज संध्याकाळी घरी आल्यावर मी ज्याला तो दाखवला असता, तो नाही.

कायद्यानं गाडी आता माझी आहे. रिक्षा स्टँडवर कुणी विचारलं तर मला सांगता येईल. अजून कुणी विचारलं नाही.

म्हणून हे लिहून तुम्हाला एक काम सांगते. तुमच्या घरात खुंटीला, कपाटात, ट्रंकेत विकून टाकलेल्या गाडीचं पुस्तक पडलं असेल, तर ते आज काढा. घेणाऱ्याला निरोप पाठवू नका, बोलावून घेऊ नका. त्याचं गाव तुम्हाला माहीत आहे. स्वतः जा, त्याच्या दारात उभे राहा, सह्या करून पुस्तक त्याच्या हातात द्या. तो नसेल तर त्याच्या मुलांना द्या, आणि एका कोऱ्या कागदावर लिहून द्या की ही गाडी त्याची होती. खाली तुमचं पूर्ण नाव लिहा.